‘कलयुग’मधलं कंत्राट

श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ (1981) म्हटलं की महाभारत आठवतं: शशी कपूरचा करण, रेखाची सुप्रिया, एकाच घराण्यातल्या दोन उद्योजक शाखा. मला मात्र त्यातलं भांडण नियतीपेक्षा कंत्राटाचं वाटतं. सरकारी ऑर्डर कुणाला मिळणार यावरून वैर पेटतं आणि कामगारांचा असंतोष, आयकराची धाड ही त्यातली शस्त्रं होतात. कुरुक्षेत्र इथं कारखान्यात आहे. यावर कुणी म्हणेल, मग गाडीचं चाक बदलताना करण मरतो त्याचं काय? खरं आहे, तिथं कथा व्यासांचीच (आणि तो प्रसंग जरा ओढूनताणूनच बसवलेला). पण तिथवर त्याला आणतं ते धंद्यातलं वैर.

ओम पुरीचा कामगार पुढारी पडद्यावर थोडाच वेळ दिसतो, हीच चित्रपटाची मर्यादा. मालकांच्या दिवाणखान्यातून संप हा डावपेच वाटतो. मुंबईत कुर्ला ते मुलुंडच्या कामगार वस्त्यांत तो बुडालेला पगार असतो. जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. पुढे याच वस्त्यांलगतच्या एलबीएस मार्गावरचे कारखानेही एकेक करून बंद पडले, जागेवर टॉवर आणि मॉल आले. जमिनीची किंमत मालाहून जास्त झाल्यावर दोन्ही शाखांना भांडायला कारखाना कशाला लागेल?