दिवस मोजताना

बरेच दिवस लिहिणं झालं नाही. दोघातिघांनी "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून विचारलं. ज्या नातेवाइकांना ठाऊक होतं, त्यांनी मुद्दामच काही विचारलं नाही. तर मंडळी, बातमी अशी की आमच्या घरी नात आली आहे. जन्माला येऊन तिला दीड महिना होऊन गेला, पण घरी येऊन आत्ता कुठे दोन आठवडे होताहेत. मधले चौतीस दिवस कसे मोजले, ते सांगायचं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक माजिवड्याला आमच्याकडे आली होती. आठवा महिना नुकताच लागला होता. एके दिवशी डोकं खूप दुखू लागलं, पाय तर आधीच सुजले होते, त्यात डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि घरी पाठवलंच नाही. प्री-एक्लाम्पसिया हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गरोदरपणात रक्तदाब चढतो, मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांवर ताण येतो, आणि त्यावर खरा उपाय एकच, बाळाला बाहेर काढणं. बाळाचे तर फक्त ३१ आठवडे झाले होते. आईसाठी थांबता येईना आणि बाळासाठी घाई करता येईना. डॉक्टरांनी कसेबसे दोन दिवस मिळवले, तेवढ्यात लेकीला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्या रात्री सिझेरियन केलं. मुलगी झाली. वजन १३८० ग्रॅम. लेक एका मजल्यावर अतिदक्षता विभागात, बाळ दुसऱ्या मजल्यावर एनआयसीयूत, आणि जावई दोन्हींच्या मधल्या जिन्यावर.

त्या इंजेक्शनांचं महत्त्व मला नंतर कळलं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोच्या थोडं वर, म्हणजे आमच्या नातीपेक्षा कितीतरी चांगलं. पण फुप्फुसं तयार नव्हती, आणि तो जेमतेम ३९ तास जगला. एवढ्या मोठ्या देशाच्या अध्यक्षालाही तेव्हा काही करता आलं नाही. पुढे न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवर प्रयोग करताना दिसलं, की आईला स्टेरॉइड दिलं तर पोटातल्या कोकराची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९७२ साली त्यांनी आणि हॉवी यांनी बायकांवरचे निष्कर्ष छापले. कुठल्या लांबच्या मेंढ्या, आणि त्यांचा उपकार आमच्या ठाण्यातल्या पोरीवर! फुप्फुसं तयार झाली नसतील तर त्यांना उघडं ठेवणारं सरफॅक्टंट नावाचं औषधही आता आहे. आमच्या बाळाला त्याचा एक डोस लागला.

पाचवी आली. आपल्याकडे पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. सटवाई म्हणजे षष्ठीच. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर तेवता ठेवायचा आणि बाळंतिणीजवळ कोणीतरी जागायचं. मी काही फार देवदेव करणारी नाही. शिवाय घरात ना बाळंतीण ना बाळ, आणि पाट्या-वरवंट्याची जागा कधीच मिक्सरने घेतलेली. तरी हात राहवेना. शाळेतली एक कोरी वही काढली, पेन ठेवलं, दिवा लावला.

रात्री दोनला जावयाचा फोन. काळजात धस्स झालं. तो म्हणाला, "आई, घाबरू नका, झोप येत नाही म्हणून केला. इथे सिस्टर दर तासाला काहीतरी लिहितायत. ताप, नाडी, ऑक्सिजन, किती दूध गेलं. एकही तास चुकवत नाहीत." मनात आलं, चला, सटवाई ड्यूटीवर आहे! सकाळी वही अर्थातच कोरी होती. मग मीच पहिल्या पानावर लिहिलं, 'दिवस ५, वजन १२९०.' वजन जन्मापेक्षा घटलं होतं. पहिल्या आठवड्यात ते घटतंच, असं डॉक्टर म्हणाले, पण आकडा लिहिताना हात जड झाला होता.

दूध हा वेगळाच प्रश्न. लेकीला पहिले चार दिवस काही येईना, आणि एवढ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना वरचं दूध सोसत नाही. त्या चार दिवसांत बाळाला दूधपेढीतलं दूध मिळालं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कोण्या अनोळखी बाईंचं ते दूध दर दोन तासांनी दोन-दोन मिलिलिटर नळीतून जात होतं. दोन मिलिलिटर म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. त्या बाईंना मी रोज मनातल्या मनात नमस्कार करत होते.

मग बारावा दिवस जवळ आला, आणि घरात पहिल्यांदाच मतभेद झाला. साताऱ्याहून विहीणबाईंचा फोन आला. "ताई, अहो बाळ घरी तर येऊ दे. मग थाटात नाव ठेवू." त्यांच्या बोलण्यातली भीती मला कळत होती. नाव ठेवलं की माणूस अधिक आपलं होतं. पुढचं त्या बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

बारसं बाराव्या दिवशीच का, याची शास्त्रार्थ करणारे उत्तरं देतील. मला आपलं वाटतं, ते दिवस आपल्या बायकांनी अनुभवाने मोजले असावेत. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. पाचवी ओलांडली, दहा दिवसांचं सोयर फिटलं, की मग नाव. इथून कल्याण फार लांब नाही. तिथे १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहाव्या दिवशी गेला. बारशाला दोनच दिवस राहिले होते. त्या दुःखातून ही मुलगी उठली, समुद्र ओलांडून गेली आणि १८८६ साली एम.डी. झाली. प्रबंधाला विषयही प्रसूतिशास्त्राचाच घेतला. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पुरी झाली नसताना, त्या गेल्या. शाळेत हा धडा मी किती वेळा शिकवला असेन! पण ते दहा दिवस मला या वेळी कळले.

तर नाव ठेवायचं की थांबायचं? मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "आई, तिच्या पायाला 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव अशी पट्टी बांधलीय. मी काचेत हात घालून बसते तेव्हा तिला हाक काय मारू?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी इतकी वर्षं हजेरी घेतली. हजेरीपटावर नाव लागल्याशिवाय मूल वर्गातलं होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी विहीणबाईंना फोन केला. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "बरं. पण कुर्रर्र करायला आत्या हवी." आत्याला आत सोडणार नव्हते. तेव्हा बाराव्या दिवशी लेकीनेच पेटीच्या गोल खिडकीला तोंड लावून हळूच कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. सिस्टरने तेवढ्यात विचारलं, "काय ठेवलं?" आणि त्या दिवसापासून त्याही तिला नावाने हाक मारू लागल्या. पट्टी तीच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात कांगारू पद्धत सुरू झाली. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांच्याकडे पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी उघड्या अंगाने बांधली. गरीबाघरची सोय म्हणून जे सुरू झालं, तेच आता उत्तम उपचार ठरलं आहे. भारतासह पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर अशी ऊब मिळालेल्या बाळांमधले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले होते. आमचे जावई म्हणजे घरातसुद्धा कधी नुसत्या बनियनवर न बसणारे. ते सदऱ्याची बटणं काढून, टोपी-मोज्यातली लेक छातीशी धरून तासन्‌तास बसत. पहिल्यांदा श्वासही जपून घेत होते म्हणे. वजन मग रोज पंधरा-वीस ग्रॅमने वाढू लागलं. वहीत तेराव्या दिवसापुढे १३८० आहे, म्हणजे जन्माचं वजन भरून निघालं. चौतिसाव्या दिवसापुढे १८०० आहे, आणि त्याखाली 'घरी'.

सगळ्यांना अशी रुग्णालयं मिळत नाहीत, हे मला कळतं. म्हणून गडचिरोलीची आठवण झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं वजन करा, ऊब द्या, श्वास मोजा, जंतुसंसर्ग ओळखा. १९९९ साली त्याचे आकडे लॅन्सेटमध्ये छापून आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहतात. माझी आजी सव्वा महिना म्हणायची, सरकार बेचाळीस दिवस म्हणतं. मोजणी तीच. बाळाचं स्वागत म्हणजे पेढे आणि फुगे, असं मीही समजत होते. आता वाटतं, त्याच्यासाठी कोणीतरी जागं राहून दिवस मोजणं हेच खरं स्वागत. मग ती सटवाई असो, सिस्टर असो की आशाताई.

आता नातेवाईक मंडळींना विनंती. घोडबंदर रोडची गर्दी, मेट्रोचे खांब चुकवत तुम्ही प्रेमाने याल, पण अजून महिनाभर धीर धरा. आलात तर आधी साबणाने हात धुवा, सर्दी असेल तर फोनच करा, आणि पापा घ्यायचा मोह आवरा. "अजून मान कशी धरत नाही?" असं लेकीला विचारू नका. अशा बाळांना दोन वयं असतात, एक जन्मापासूनचं आणि एक ठरलेल्या तारखेपासूनचं. त्या दुसऱ्या वयाने आमची नात अजून जन्मायचीच आहे! डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चौथ्या आठवड्यात झाली, पुन्हा दोनदा व्हायची आहे. अशा बाळांची ती वेळेवर करावीच लागते. कोणाच्या ओळखीत असं लहानगं असेल तर त्यांनाही जरूर सांगा.

नाव मात्र इथे लिहीत नाही. ते तिचं तिने सांगावं. वहीत पुढची पानं अजून भरपूर आहेत. आज सकाळी लिहिलं, 'दिवस ४८, वजन २१४०. आंघोळीच्या वेळी रडून घर डोक्यावर घेतलं.'