तोडीतली खरखर राहू दे

पूर्व मुख्य रस्ता,
राजवाड्यालगत, तंजावूर

प्रिय नलू,

टोरांटोच्या तळघरातून बाबांच्या रेकॉर्डी वर काढल्यास, फार बरं केलंस. त्या घरच्या घरी कॉम्प्युटरवर उतरवता येतील का, असं विचारतेस. येतील की! आमच्याकडे सध्या तेच चाललंय. जेवणाच्या टेबलावर टर्नटेबल आणि तबकड्या, आणि आम्ही खाली पाटावर. अक्का म्हणते, निदान त्या निमित्ताने तरी घर वळणावर आलं.

आजोबांचा संग्रह म्हणजे अस्सल तंजावरी मिश्रण. बालगंधर्वांच्या पदांखाली राजरत्नम् पिळ्ळे यांची नागस्वरावरची तोडी, त्याखाली बंगलोर नागरत्नम्मा. ह्याच बाईंनी पदरचा पैसा घालून तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी सावरली, तिथे मंदिर उभं केलं. आणि तळाशी हरिकथा. त्या तू ऐकायलाच हव्यास. मोरगावकर रामचंद्रबुवा 19व्या शतकात इकडे आले, त्यांची कीर्तनं ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेची घडी बसवली. भागवतर 1903 साली गेले, पण त्यांच्या वाटेने गेलेल्यांचं आख्यान ऐकताना तमिळ निरूपणातून अचानक साकी निघते, मग दिंडी. इथल्या श्रोत्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. मी मात्र दर वेळी हातातलं काम थांबवते.

आता तुझ्या कामाचं. आधी 78च्या तबकड्या आणि एलपी वेगळ्या कर. 78ची तबकडी लाखेची, त्यामुळे तिला स्पिरिट लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणाचा थेंब, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं ठेवायचं. तुमच्याकडे निदान बुरशी नसेल. इथे तमिळ ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागला की पुठ्ठ्याच्या पाकिटांवर पांढरी साय धरते.

सुई वेगळी घे, यात काटकसर नको. 78च्या खाचेला सुमारे 75 मायक्रॉनची सुई लागते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक. बारीक सुई थेट खाचेच्या तळाशी जाते आणि वर्षानुवर्षं साचलेली माती उकरत बसते. गाणं राहतं भिंतींवर. तबकडी मोनो असली तरी मुद्रण स्टीरिओ कर. जुन्या ग्रामोफोनच्या जड डोक्याने खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजवलेल्या नसतात. दोन्ही बाजू हाताशी असल्या की त्यातली बरी निवडता येते.

वेगाचं प्रकरण मात्र खरं मजेचं. 78 हा आकडा बराचसा नावापुरता. 50 हर्ट्झच्या विजेवर तो 77.92 भरतो, तुमच्या 60 हर्ट्झवर 78.26, आणि सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या तर कंपनीच्या मर्जीने कापलेल्या. वेग साधारण सहा टक्के वाढला की काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोनमध्ये पोचतो. मग ओळखीचा आवाजही उगीच तरुण आणि घाईत असल्यासारखा वाटतो. त्यामुळे पेटी जवळ ठेव, पण पेटीवरच विसंबू नकोस. तबकडीतली साथीची पेटी कोणत्या पट्टीत मिळवलेली होती हे आपल्याला कोण सांगणार? श्वास, शब्दोच्चार, टाळाचा ठोका नैसर्गिक वाटेपर्यंत वेग हलवत राहायचं.

आणि कृपा करून साफसफाईच्या बटणाला लगेच हात लावू नकोस. ते सॉफ्टवेअर सतत एकसारखा चालणारा आवाज शोधतं आणि त्याला कचरा ठरवतं. आपल्या संगीतात सतत एकसारखा चालतो तो तंबोरा! नागस्वरामागे धरलेल्या श्रुतीचीही तीच गत. खरखर जाते, तोडीच्या बुडाचा स्वर जातो, आणि पिळ्ळे पाण्याखाली वाजवतायत असं वाटू लागतं. टकटक आवाज एकेक करून काढलेस तर चालेल. सरस्वती महाल ग्रंथालय आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या मोडी कागदाचा फोटो काढताना कसरीची भोकं कोणी शाईने बुजवतं का? भोकासकट फोटो ठेवायचा, मग अर्थ लावायचा तितका लावत बसावं.

म्हणून पहिली प्रत जशी वाजली तशी, 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, फ्लॅकमध्ये. तीन मिनिटांची एक बाजू मूळ स्वरूपात सुमारे 100 एमबी होते, फ्लॅकने त्यातलं बरंच वाचतं आणि गमवावं काहीच लागत नाही. भाचरांना फोनवर पाठवायला एमपी3 वेगळी काढ. आणि शेवटी गायक किंवा गायिका आपलं नाव सांगते, तेवढं छाटू नकोस. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचं मुद्रण झालं, तेव्हापासूनची ती पद्धत. लेबल पुसट झालेल्या एका तबकडीचा आम्हाला त्यावरूनच पत्ता लागला. लेबलाचा आणि त्याच्या भोवती कोरलेल्या आकड्याचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाक.

मुद्रण आम्ही दुपारी करतो. सकाळ-संध्याकाळ बसचे हॉर्न, आणि जड ट्रक गेला की जुन्या घराची जमीन थरथरते, सुईला ते सगळं कळतं. पंखाही बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात तंजावुरात पंखा बंद करून बालगंधर्व ऐकणं हे तप आहे, तुझ्या बर्फातून तुला नाही समजायचं.

बाबांच्या संग्रहाची यादी पाठव. त्यात तमिळ हरिकथा निघाली तर आधी तिचं लेबल दाखव. आमच्याकडच्या रुक्मिणी स्वयंवराची दुसरी तबकडी फुटलेली आहे आणि रुक्मिणी पत्र लिहायला बसली ती तशीच बसून आहे. तिसरी-चौथी बाजू तुझ्याकडे असेल, तर फ्लॅकच पाठव, एमपी3 नको.

तुझी,
वत्सला