घडी

घडी घालण्याच्या कामाकडे कोणी कौतुकाने पाहिल्याचे मला आठवत नाही. मराठी माणूस संसाराची घडी बसवतो, कारभाराची घडी विस्कटली म्हणून हळहळतो. परंतु ज्या कामावरून हे शब्द आले ते काम तो घरातल्या बायकांवर आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यावर सोपवून मोकळा होतो. मीही त्यांतलाच. माझी आजी वर्षातून एकदा पेटीतली पैठणी काढून तिची घडी बदलत असे. एकाच घडीवर राहिली की जर तिथे तुटते, असे ती सांगे आणि मी ऐकून सोडून देई. घडी जशी जपण्यासाठी असते तशी ती वेळेवर उलगडण्यासाठीही असते, हे मला कळले ते पॅराशूटपाशी.

आमच्या गावच्या शिंप्याचा मुलगा माझा विद्यार्थी. गणितात बेताचा, पण वहीला कव्हर घालावे तर त्यानेच. हल्ली तो कॅलिफोर्नियात रिगर आहे. रिगर म्हणजे छत्र्या तपासणारा, दुरुस्त करणारा आणि बांधणारा कारागीर. तिथे त्याला सरकारी परवाना लागतो. निदान 20 छत्र्या बांधल्याचा दाखला असल्यावाचून तो मिळत नाही. शिवाय लेखी, तोंडी आणि हातच्या कामाची अशा तीन परीक्षा. "पोरगा परदेशात शिवणकाम करतो," एवढेच त्याचे वडील, तात्या, लोकांना सांगत. तो स्वतःही उड्या घेतो हे त्यांना चार वर्षांपूर्वी कळले आणि तेव्हापासून बापलेकांत हा विषय बंद झाला.

गेल्या दिवाळीत तो घरी आला. परतताना थायलंडमध्ये पट्टायाला उतरून उडी घ्यायची होती, म्हणून छत्री बरोबर होती. याच पट्टायाला पुण्याच्या शीतल महाजनांनी 2018 साली नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली होती. त्या बातमीचे मला कौतुक वाटले होते ते साडीचे. हा म्हणाला, "सर, खरी कमाल ती साडी बांधण्याची. छातीवर उजवीकडे फसलेली छत्री तोडून टाकायची मूठ असते, डावीकडे राखीव छत्रीची. पदर त्यांतल्या एकीवरही येता कामा नये."

छत्री पसरायला त्यांच्या दोन खोल्यांत जागा कुठली? शाळेचा हॉल सुट्टीमुळे रिकामा होता. मी सुचवले होते की मैदानात पसरावी, उजेडही बरा. तो हसला. नायलॉनचा मोठा वैरी म्हणजे ऊन. दिसायला काही दिसत नाही आणि कापड आतून कमजोर होत जाते. समुद्रात भिजली तर ती गोड्या पाण्याने धुवायची, पण वाळवायची सावलीतच. त्याने हॉल स्वतः दोनदा झाडला. तात्या न बोलावता मागून आले आणि भिंतीशी बाकावर बसले.

छत्री म्हणजे आपल्या डोळ्यांपुढची गोल छत्री नव्हे. ही लांबट, विमानाच्या पंखासारखी. वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये शिवलेले कप्पे. समोरून हवा शिरली की कप्पे फुगतात आणि तिचा पंख होतो. तो गुडघ्यांवर बसून एकेका कप्प्याची शिवण चिमटीतून सरकवीत होता. दोऱ्या बोटांतून ओढून पाहताना त्याने दोन दोऱ्या एकमेकींशेजारी धरल्या. कडेची दोरी मूळ मापाहून किंचित आखूड झाली होती.

"दोरी आटली?" तात्यांचा हा पहिला शब्द.

आटली खरी. छत्री एकदम उघडली तर माणसाची हाडे जातील, म्हणून दोऱ्यांवर एक चौकोनी कापड ओवलेले असते. त्याला स्लायडर म्हणतात. ते घसरत खाली येते आणि तेवढ्याने छत्री दमादमाने उघडते. त्या घसरण्याने दोऱ्या तापतात. या जातीचा धागा पोलादाला मागे टाकील इतका ताकदवान, पण उष्णतेने आटतो; कडेच्या दोऱ्या अधिक आटतात, मधल्या कमी, आणि मग छत्री वाकडी उडू लागते. म्हणून काही शे उड्यांनंतर सगळ्या दोऱ्या बदलायच्या. "अंगरख्याचा काठ ओढला जातो तसं," तात्या म्हणाले, आणि बाकावरून उठून सतरंजीवर येऊन बसले.

पुढची घडी त्याने मला समजेल अशी सावकाश घातली. कप्पे एकमेकांवर लावले, हवा दाबून काढली. नवे कापड इतके गुळगुळीत असते की पिशवीत कोंबताना मासा धरल्यासारखे होते. दोऱ्यांचे वेटोळे रबरबँडांत अडकवले. हा रबरबँड साधा, पण त्याने धरून ठेवले पाहिजे आणि वेळ येताच सोडलेही पाहिजे. फार बळकट असेल तर तोच घात करील. छत्री बाहेर ओढणारी एक छोटी छत्री असते. तिच्या पोटातली दोरी आधी ताणून ठेवावी लागते. विसरले तर ती फुगतच नाही, नुसती मागे लोंबत राहते. ताणली आहे की नाही हे कळावे म्हणून एक लहान खिडकी ठेवलेली आहे. तिच्यातून रंगीत दोरी दिसली की झाले. विसरणाऱ्या माणसाला विसरणारा म्हणूनच गृहीत धरणारे हे शास्त्र मला आवडले. 13,000 फुटांवरून उडी घेतली तर छत्री उघडेपर्यंत मिळतो सुमारे एक मिनिट. माझ्या कादंबऱ्यांतले नायक एवढ्या वेळात चप्पलही घालत नाहीत.

पाठपिशवीचे चार पदर एका दोरीच्या फासातून पिन घालून मिटतात. तो फास पाहून मुलगा म्हणाला, "थोडा झिजलाय. अजून पंधरा-वीस उड्या चालेल."

"चालेल म्हणजे?" तात्या म्हणाले. "गिऱ्हाइकाचा असता तर?"

मुलगा काही बोलला नाही. त्याने थैलीतून पोकळ दोरी काढली, तिचे टोक बारीक तारेने तिच्याच पोटात ओढून घेतले, खाली गाठ मारली. मापाला फार जपावे लागते. फास लांब झाला तर पिन ढिली राहून पाठीवर अवेळी सुटते. तात्यांनी टेप गळ्यातून काढला आणि जुन्याशी नवा फास ताडून पाहिला. मग त्यांनी पट्ट्यांवरच्या नागमोडी टिपेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. दुकानात चांगला कोट पाहूनही ते एवढेच करतात.

वर दुसरा कप्पा होता, राखीव छत्रीचा. तो मात्र त्याने उघडला नाही. तिची पिन लाल दोऱ्याने बांधून शिशाचा शिक्का मारलेला. तिकडच्या नियमाप्रमाणे 180 दिवसांनी ती परवानाधारक रिगरनेच उघडून, तपासून, पुन्हा बांधायची. रेशमाची असेल तर 60 दिवसांनीच. त्या कामाला काही तास लागतात. सुरू करताना हत्यारे मोजायची आणि शिक्का मारण्यापूर्वी पुन्हा मोजायची, शस्त्रक्रियेसारखी. आत सायप्रेस नावाचे यंत्र बसवलेले. जर्मनीतल्या हेल्मुट क्लोथने ते 1991 मध्ये बाजारात आणले. माणूस बेशुद्ध असला आणि सुमारे 225 मीटरांवरही भरवेगाने कोसळत असला तर ते राखीव छत्रीचा फास स्वतः कापते. पण आतली घडी चुकली असेल तर यंत्र तरी काय करणार?

तात्यांनी कार्डावरची सही पाहिली. "हे अक्षर तुझं नाही."

"नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्या बांधतात. त्यांची मी बांधतो."

"स्वतःची का नाही?"

"स्वतःच्या कामावर डोळा बसतो, तात्या. चूक दिसत नाही."

अमेरिकेच्या नौदलाची लेकहर्स्टला छत्री बांधण्याची शाळा होती. तिथे विद्यार्थ्याला शेवटी स्वतः बांधलेली छत्री घेऊनच उडी घ्यावी लागे. त्या परीक्षेबद्दल वाचताना मला ती कठोर वाटली होती. या दोघांचा करार मला तिच्याहून कठोर वाटला. तात्या बराच वेळ त्या शिक्क्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "त्या बाईंना मुलंबाळं आहेत?"

"दोन मुली."

"मग त्यांची नीट बांधत जा," तात्या म्हणाले, आणि झिजलेला फास खिशात घालून घरी गेले.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बटणासाठी मी दुकानात गेलो होतो. मशीन बंद होते. तात्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले होते. मला पाहून म्हणाले, "सर, थायलंडात आत्ता किती वाजले असतील हो?"

मी म्हटले, "आपल्यापेक्षा दीड तास पुढे."

त्यांनी बोटांवर हिशेब केला, आणि बटणांचा डबा माझ्यापुढे सरकवला.