आधी बंद रस्ते लिहून काढा



कार्तिकी पौर्णिमा झाली की आम्ही पाच जण सांगोल्याहून कच्छला निघणार आहोत. हे, मी, आमच्या आक्का, मुलगा आणि सून. गाडी मुलाची, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी. तीर्थयात्रेचे बेत आपल्याला नवे नाहीत. शिखरजी म्हणा, श्रवणबेळगोळ म्हणा, डबे आणि औषधं भरायची सवय हाताला असते. पण या वेळी बेत वेगळ्या पद्धतीने करावा लागला. तो कसा केला ते सांगते, कारण तुमच्याही घरी मुलांनी अशा मोठ्या गाड्या घेतल्या असतील आणि ‘आई, चल, रण बघून येऊ’ म्हणत असतील.

मूळ इच्छा आक्कांची. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय ७०, सोलापूरला असतात. १९७२ च्या दुष्काळात त्या सतरा वर्षांच्या होत्या. दादांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सांगोल्यात किराणा-भुसाराचं दुकान होतं. खडी फोडायच्या कामावरून परतणारी माणसं संध्याकाळी दुकानापुढे थांबायची. दादा धान्य मोजून द्यायचे, वहीत उधारी मांडायचे आणि त्यातली बरीचशी वसूल होणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं. रात्री मुलांना ते जगडूशाची गोष्ट सांगायचे. जगडूशा हा तेराव्या शतकातला भद्रेश्वरचा जैन व्यापारी. विक्रम संवत १३१३ ते १३१५ मध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्याने आपली धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. भद्रेश्वरच्या महावीर मंदिराचा जीर्णोद्धारही त्याने केला. पुढे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्या मंदिराचं फार नुकसान झालं आणि ते पुन्हा उभं राहिलं. तीर्थ श्वेतांबरांचं, आपण दिगंबर. पण आक्का म्हणतात, दादांची गोष्ट जिथली, तिथे हात जोडायला पंथ कशाला विचारायचा?

दोन वर्षांपूर्वी आक्कांनी नियम घेतला, भद्रेश्वरचं दर्शन होईपर्यंत गूळ-साखर बंद. त्यामुळे ही सहल राहिली नाही. एक दिवस पुढे गेला की त्यांच्या नियमाचाही एक दिवस वाढतो, आणि सत्तरीनंतर दिवस मोजूनच वापरायचे असतात.

मुलाला रजा मिळत होती दसऱ्याच्या आठवड्यात. त्याने मोबाईलवर रस्ता आखलाही होता. अहमदाबादवरून पाटडी, तिथून छोट्या रणातून आडवं जायचं, मग भचाऊ, धोलावीरा, भुज आणि शेवटी भद्रेश्वर. नऊ दिवस. नकाशावर रेघ सरळ आणि देखणी दिसत होती.

त्याच सुमारास, सप्टेंबर २०२५ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात सीनेला महापूर आला. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला. ज्या जिल्ह्याची ओळख दुष्काळी, तिथे चार पदरी रस्ता पाण्याखाली! आक्कांना आणायला सोलापूरला कसं जायचं, हाच पहिला प्रश्न झाला. मी म्हटलं, घरापासून शंभर किलोमीटरच्या आत ही स्थिती असेल, तर बाराशे किलोमीटरवरच्या रणात काय असेल ते आधी विचारू.

वाळवंटात कसला पूर, असं वाटतं खरं. पण सांगोल्याच्या बाईला हे समजायला जड नाही. आपली माण नदी बहुतेक महिने कोरडी. इथे आभाळ स्वच्छ असतं, पाऊस वर म्हसवड-आटपाडीकडे पडतो आणि एका रात्रीत पात्र भरून येतं. छोट्या रणाचंही तसंच. राजस्थानातल्या अरवलीत उगम पावणारी बनास नदी त्यात येऊन पसरते, रूपेण आणि सरस्वतीही येतात. म्हणजे कच्छात ऊन पडलं म्हणून रण वाळलं असं नाही. शिवाय जमीन सपाट आणि चिकण मातीची. पाण्याला उतार नाही, मुरायला वाव नाही. ते उन्हाने आटेपर्यंत तिथेच उभं राहतं. राजस्थानात बाडमेरजवळच्या कवास गावात ऑगस्ट २००६ मध्ये असाच पूर आला होता. जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी मुरेना, पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस गाव पाण्यात राहिलं. नाकोड्याला जाऊन आलेल्या मैत्रिणींना तो कोरडा मुलूख आठवेल. खुद्द कच्छात ऑगस्ट २०२४ च्या शेवटी इतका पाऊस झाला की मांडवी शहरात पाणी भरलं, आणि त्यातूनच पुढे समुद्रावर ‘असना’ चक्रीवादळ तयार झालं. मांडवी आणि भद्रेश्वर एकाच किनाऱ्यावर आहेत.

मी बी.कॉम. झालेली. नफा मोजण्याआधी देणी मांडायची, हे अंगात भिनलेलं. म्हणून नव्या वहीत पहिल्या पानावर कुठे जायचं ते लिहिलं नाही. बंद असलेले किंवा बंद होऊ शकणारे रस्ते लिहिले. तीन रकाने केले: रस्ता कोणता, तो उघडा आहे हे खात्रीने कोण सांगेल, आणि बंद निघाला तर त्या रात्री मुक्काम कुठे.

पहिलं नाव छोट्या रणाचं. तिथलं घुडखर अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. घुडखर म्हणजे रानगाढवं. पाणी भरलं की ती रणातल्या उंचवट्यांवर, ज्यांना तिकडे ‘बेट’ म्हणतात, जमा होतात. तारीख उलटली म्हणून वाटाही लगेच वाळतात असं नाही. वरून पापुद्रा कोरडा दिसतो, खाली चिखल असतो. शिवाय पावसाळा संपला की अगरिया कुटुंबं मिठाचे आगर बांधायला रणात येतात. आपल्या चाकांनी त्यांचे बांध फुटले तर? दुसरं नाव पांढऱ्या रणाचं. मीठ दिसतं ते पाणी आटल्यावर, तोवर तिथे नुसतं तळं असतं. तिसरं छारी ढंढचं. चांगल्या पावसानंतर तिथे हजारो क्रौंच उतरतात म्हणून सुनेला जायचं होतं. पण पक्षी ज्या पाण्यासाठी येतात, त्याच पाण्याने वाट चिखलाची होते. चौथं, खावडा ते धोलावीरा. हा रस्ता पक्का डांबरी, रणातून सुमारे तीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना पाणी किंवा मीठ. हा चालेल, पण फोटोसाठी गाडी कडेच्या मातीवर उतरवायची नाही.

मुलगा म्हणाला, “आई, गाडी चारही चाकांवर चालते. एवढं काय!”

मी म्हटलं, “चाकाखाली जमीन असेल तर चारही चालतील. जमीनच नसली तर चार काय आणि दोन काय?” मग त्यानेच शोधून वाचून दाखवलं की फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवू शकतं आणि दोन फूट पाणी मोठी जीपही वाहून नेऊ शकतं. त्यानंतर तो गप्प झाला. वाद मी जिंकले असं मला वाटत नाही. त्याची रजा खरी होती आणि आत्याला लवकर दर्शन घडवायची तळमळही खरी होती.

तेव्हा मला आपली व्रतं आठवली. दिग्व्रत आपण लहानपणापासून ऐकतो, दिशांची मर्यादा घालायची, त्यापलीकडे जायचं नाही. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी सांगितलंय की ही मर्यादा समुद्र, नदी, रान, डोंगर अशा सर्वांना माहीत असलेल्या खुणांनी ठरवावी. पूर्वी वाचताना वाटायचं, ही जुन्या काळची सोय. वहीत रस्ते लिहिताना कळलं की प्रवासाचा नकाशा असाच बनतो. नदी आली, थांबा. रान आलं, थांबा. देशव्रत त्याहून बारीक, आजच्या दिवसापुरतं एवढंच क्षेत्र. आणि अतिचार कोणते? ठरवलेलं क्षेत्र लोभाने वाढवणं, ठरवलेली मर्यादा विसरणं. “आलोच आहोत तर थोडं पुढे जाऊन बघू” हे वाक्य गाडीत किती वेळा येतं, आठवून बघा.

अनर्थदंडाचंही तसंच. प्रमादचर्येत विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं येतं, आणि विनाकारण भटकणं व दुसऱ्याला भटकायला लावणंही येतं. दर्शनाला जाणं सकारण. पण ओल्या रणात केवळ मजेसाठी गाडी गरगर फिरवायची, खोल चाकोऱ्या पाडायच्या, चिखलातले जीव चिरडायचे, हे कशात मोडतं ते मुलाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आपले साधू आषाढापासून कार्तिकापर्यंत विहार थांबवतात, कारण ओल्या वाटेवर पावलापावलाला जीव असतात. पालीताण्याच्या शत्रुंजय डोंगराची यात्राही चातुर्मासात बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला उघडते. अभयारण्याच्या बंदचे महिनेही जवळजवळ तेच. वनखात्याने ते घुडखरांसाठी ठरवले, आपल्या परंपरेने सूक्ष्म जीवांसाठी. पाऊस मात्र दोघांचा एकच. मग ठरलं, दसरा सोडायचा, पौर्णिमेनंतर निघायचं.

हे आक्कांना सांगायचं अवघड काम माझ्याकडे आलं. आणखी महिना-सव्वा महिना, त्यात दिवाळी. फोनवर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, मी गोड सोडलंय, शहाणपण नाही सोडलं. दादांनी दुष्काळात पेरणीसाठी ठेवलेलं बी कधी विकलं नाही. कितीही मागणी असली तरी पाऊस येईपर्यंत थांबले. मीही थांबीन.” दिवाळीत त्या आमच्याकडेच होत्या. फराळाच्या ताटातली चकली तेवढी घेतली आणि लाडू सुनेच्या ताटात सरकवला. सुनेने तो मुकाट्याने खाल्ला, पण तिचे डोळे भरून आले होते.

मुलाला आता सातच दिवस मिळालेत. म्हणून छोटं रण आणि छारी ढंढ पूर्ण वगळलं. क्रम उलटा केला, भद्रेश्वर पहिलं. धोलावीरा सर्वांत शेवटी, कारण ते राहिलं तरी नियम राहत नाही. मुलाच्या पहिल्या आखणीत ज्याच्यासाठी जायचं तेच शेवटी होतं, आणि वाटेत कुठेही अडकलो असतो तर तेच हुकलं असतं. माझ्या मते सगळ्या बेतातला हा सर्वांत मोठा बदल.

बाकी आम्ही ठरवलेले नियम असे:

१. सूर्यास्तापूर्वी मुक्काम. आपलं रात्रिभोजनत्यागाचं वेळापत्रक इथे गाडी चालवणाऱ्याच्याही कामाचं, कारण अंधारात रस्त्यावरच्या पाण्याची खोली कळत नाही. भुजला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे पाव तास उशिरा मावळतो, तेवढी सवलत! धर्मशाळेच्या भोजनशाळेला आदल्या दिवशी फोन करायचा.

२. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. पुढची गाडी गेली हा पुरावा धरायचा नाही.

३. रस्त्याची चौकशी दोन ठिकाणी. एक तिथल्या धर्मशाळेत, दुसरी पेट्रोल पंपावर किंवा ट्रकवाल्याकडे. मोबाईलचा नकाशा काल बुडालेला रस्ताही निळ्या रेघेने दाखवतो.

४. भुज सोडताना टाकी भरलेली. माणशी रोज पाच लिटर पाणी, गाळून आणि उकळून, धर्मशाळेतच भरलेलं. जिवाणी ज्या पाण्यातून आली त्यातच परत सोडायची असते, रणात ती सोडणार कुठे?

५. दशमी, खाकरा, भाजलेले शेंगदाणे, मेतकूट दोन जादा दिवसांचं. ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून, एक पुडी माझ्या पर्समध्ये.

६. टायरची हवा, पंप, जाड दोर आणि फावडं ही मुलाची जबाबदारी. परत फिरायचं की नाही हे मात्र गाडीतल्या कोणाही एकाने म्हटलं तरी फिरायचं. चर्चा परत फिरल्यावर.

अवकाळी पावसाची धास्ती आहेच. निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करणार. भद्रेश्वरपर्यंतचा महामार्ग उघडा असेल तर जाणार, पुढचं तिथे बसून ठरवणार. तोही बंद असला तर आक्का घरच्या मंदिरात माळ घेऊन बसतील आणि मी वहीत नवी तारीख मांडीन.

आक्कांच्या पिशवीत एक छोटा डबा मी भरून ठेवलाय. गूळपापडीचा. भद्रेश्वरचं दर्शन झालं की उघडायचा, त्याआधी नाही.

जय जिनेंद्र.