एका सुताचे पाते

मशीन जुने झाले की त्याची कंपनी बंद पडलेली असते, एजंटाने दुकान गुंडाळलेले असते, आणि एखादा सुटा भाग मागायला जावे तर दुकानदार आपल्याकडेच संशयाने पाहतो. घरच्या रंधा मशीनच्या पात्यांसाठी आम्ही भावंडांनी गेल्या वर्षी जी पायपीट केली ती येथे मांडत आहोत. आपल्या वाचकांत सुतारकामावर चूल पेटणारी घरे पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

आमचे अण्णा गिरणीच्या सुतारखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हा नीट उभी राहिलीच नाही. पुढे भंगाराच्या लिलावात अण्णांनी हे बिडाचे धूड उचलले आणि कल्याणच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बसवले. विलायती बनावट, बारा इंची, गोल ब्लॉकात दोन पाती. हा ब्लॉक गोल असण्याला फार अर्थ आहे. पूर्वी तो चौकोनी असे. हात घसरला की बोटे पार आत खेचली जात. इंग्लंडात १९२२ साली नियम झाला, की हाताने लाकूड सरकवण्याच्या रंध्याला गोल ब्लॉकच हवा. म्हणजे कामगाराची बोटे वाचवण्याची ती सोय कायद्याने आली, मालकाच्या दयेने नव्हे. असो.

याच मशीनवर आम्हा तिघांची शिक्षणे झाली. पण धार लावून लावून पाती झिजली. सव्वा इंच रुंदीची पाऊण इंचावर आली. एवढ्याशा पात्याला पाचरीची पकड पुरत नाही, ते केव्हाही निसटू शकते. रोज मशीनसमोर उभा राहतो तो आमचा धाकटा. डबा हातात देताना आई त्याला रोज एकच सांगे, "पाती बदला, नाहीतर ते मशीन भंगारात घाला." अण्णा काहीच बोलत नसत.

एका लोहाराने जीपच्या पाट्याची पाती घडवून देतो म्हटले. स्वस्तात होत होते. पण आमचा ब्लॉक चार इंच व्यासाचा, मिनिटाला चार हजार फेरे. हिशेब केला तर धार सेकंदाला २१ मीटर पळते, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरच्या वर. त्या वेगात पाणी नीट न दिलेल्या पोलादाचा तुकडा उडाला तर कुठे लागेल याचा नेम नाही. अण्णांनी मान हलवली, विषय संपला.

मग मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. पहिल्या तीन दुकानांत एकच सवाल : कंपनी कोणती, मॉडेल कोणते? आमच्या मशीनवरची पट्टी कधीच पुसली गेली होती. एकाने तर "नवीन मशीन घ्या ना" म्हणून आम्हाला उठवलेच. चौथ्या दुकानात मागच्या बाजूला एक म्हातारे कारागीर धार लावत बसले होते. ते म्हणाले, "नाव कशाला सांगता? माप सांगा." खरोखर, पाते हे मापावर मिळते. लांबी, रुंदी, जाडी, एवढेच हवे.

मात्र मापातही मेख होतीच. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. आमचे मशीन इंचातले. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, बाजारात पाते ३०० चे. पाच मिलिमीटर लांबी कमी पडली तर फळी तेवढी अरुंद घ्यायची, बाकी काही बिघडत नाही. खरी अडचण जाडीची. जुने पाते एक सूत, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, आणि नवे नेमके ३. आमच्या पाचरीचे बोल्ट बाहेर फिरवले की पाचर पात्यावर दाबली जाते, म्हणून एवढा फरक ती भरून काढते. कारागिरांनी बजावले, फटीत पत्र्याचा तुकडा घालायचा मोह कधी धरू नका. आमची जुनी पाचर त्यांनी स्वतः नव्या पात्याला लावून पाहिली, मगच पैसे घेतले.

पाती हाय स्पीड स्टीलची घेतली, १८ टक्के टंगस्टनची. हाताला जड लागतात. धार लावताना साधे पोलाद तापून निळे पडले की नरम होते. हे पुष्कळ अधिक उष्णता सोसते.

दोन्ही पाती वजनाला सारखी हवीत, नाहीतर ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग जातात. किराणा दुकानाच्या काट्यावर ग्रॅमाचा भरवसा वाटेना, म्हणून आम्ही सोनाराकडे गेलो. तो आधी हसला, मग आवडीने वजन करू लागला. जे पाते किंचित भारी भरले त्याची पाठ धाकट्याने घासून बरोबरीला आणली.

बसवायला अण्णाच उभे राहिले. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून खिशात. मागच्या टेबलावर सागाची सरळ पट्टी ठेवायची, ब्लॉक हाताने फिरवायचा; पात्याने पट्टी जराशी पुढे ओढली पाहिजे, दोन्ही टोकांना सारखीच. दोन पात्यांना त्यांनी सारी दुपार घेतली. जेवायलाही उठले नाहीत.

जुनी पाती आईने त्याच लोहाराकडे पाठवली. एकाची विळी झाली, दुसरे अजून त्याच्याकडेच आहे.