आक्काचं नेसणं

आमच्या गावात एखादी नवी सून जरा नीटस नेसून पाण्याला निघाली, की ओट्यावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना म्हणायच्या, "थोरलीवानी नेसलीया बघ." थोरली म्हणजे आमची आक्का. पाच भावंडांत ती पहिली, मी चौथी. तिच्यात-माझ्यात सहा वर्षांचं अंतर. गावात तिच्यापेक्षा गोऱ्या, नाकीडोळी देखण्या पोरी चिकार होत्या. आक्का सावळी, कपाळ मोठं, वरचे दोन दात जरा पुढं. पण ती वाटेनं निघाली की माणूस वळून बघायचं. आज माझी साठी उलटली, नोकरीतून निवृत्त झाले, तरी कपाटापुढं उभी राहिले की पहिला सवाल मनात येतो तो, आक्का काय म्हणंल?

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. माण म्हणजे पावसानं टाकलेला मुलूख. घरात आईची लुगडी दोन, एक अंगावर आणि एक दांडीवर. दोन्ही इरकली. आमच्याकडं इरकलीला फार मान. कर्नाटकातल्या इलकलहून येणारं ते लुगडं, अंग सुती आणि पदर लाल रेशमी, त्यावर पांढरे दातेरी पट्टे. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. विणकर दोन्ही एकमेकांत अडकवून जोडतो. म्हणून अंग कितीही विटलं तरी पदर लाल तो लालच. लुगडं मधे विरलं की आई विरलेला भाग कापून काढायची आणि दुसऱ्या जुन्या लुगड्याचा धडका तुकडा त्याला जोडायची. ह्याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं म्हणजे गरिबीची पाटीच. बायका तो जोड झाकायला काय काय करायच्या.

आक्कानं तो कधी झाकला नाही. बाहत्तरच्या दुष्काळात ती चौदा वर्षांची. शाळा सुटली आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. आईचं दंडाचं लुगडं आता तिच्या अंगावर आलं होतं: अर्धं हिरवं, अर्धं डाळिंबी. तिनं काय केलं, तर तो जोड बरोबर निऱ्यांच्या कडेला येईल असं लुगडं फिरवून नेसली. निऱ्या हिरव्या, मागचा काष्टा डाळिंबी. कुणी म्हणावं, असंच विणून आलंय. कामावरच्या दोन बायकांनी दुसऱ्या दिवशी आपापला दंड तसाच फिरवला, हे मी डोळ्यानं बघितलंय. मी तेव्हा आठ वर्षांची, सुकडी मिळते म्हणून मागं मागं जायची. खडीच्या धुळीनं सगळ्यांचे चेहरे एकसारखे पांढरे व्हायचे. मिलोच्या लाल भाकरी खाऊन पोटं बिघडलेली. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं आंघोळीचं कुठलं काढता? पण संध्याकाळी घरी आल्यावर आक्का एक तांब्या पाणी घ्यायची, फडकं भिजवून आधी मान पुसायची, मग कानामागं, मग टाचा. तोंड सगळ्यात शेवटी. मी विचारलं, तोंड आधी का न्हाई? म्हणाली, "तोंड समदीच पुसत्यात. माणसाची कळा मानंवर आन् टाचंवर दिसती."

त्याच तांब्यात मग ती चुलीतले निखारे घालायची आणि दुसऱ्या दिवशीच्या पदरावरून फिरवायची. ही आमची इस्त्री. आई ओरडायची, "खडी फोडाया चाललीस का लग्नाला?" आक्का गप्प. फिरवायची ती फिरवायचीच.

फुलांचंही तसंच. दुष्काळात मोगरा-शेवंती कुठली, पण माळावर तरवड असतो. त्याला पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, आणि फुलतो मात्र पिवळाधमक. आमच्याकडं त्याला कुणी फूल समजत नव्हतं. आक्का त्याचा एकच झुबका आंबाड्यात उजव्या बाजूला खोवायची. एकच. मी एकदा डोकंभर खोवून घेतली तर तिनं सगळी काढली आणि एक ठेवलं. "एकानं बोलायचं, बाकीच्यांनी गप बसायचं," हा तिचा नियम. काठ बोलत असला की चोळीनं गप बसायचं. गळ्यात काही असलं की कानांनी गप बसायचं. पुढं आयुष्यात मी मासिकांतून पेहरावावर बरंच वाचलं, शहरातल्या मैत्रिणींकडून ऐकलं. ह्या एका वाक्याच्या पलीकडचं फारसं काही हाती लागलं नाही.

गोंदण तिनं लहानपणीच हट्टानं करून घेतलं होतं. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाची यात्रा भरते. गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत माणूस माणसाला ओळखत नाही. तिथं गोंदणारीण बसायची. बायका हातावर तुळस, नवऱ्याचं नाव असलं काही गोंदून घ्यायच्या. दहा वर्षांच्या आक्कानं भुवयांच्या मधे, जराशी वर, एक बारीक ठिपका मागितला. मसुराएवढा. रडली नाही म्हणे. पुढं ती कुंकू लावायची ते त्या ठिपक्यावरच. बोटानं आधी मेण, मग त्यावर पिंजर, आणि कडा सुती फडक्यानं साफ करायची. आरशाशिवाय लावलं तरी तिचं कुंकू कधी बाजूला गेलं नाही, कारण बोटाला जागा माहीत होती.

पंच्याहत्तर साली तिचं लग्न झालं. दाजी मुंबईला गिरणीत. आक्का लालबागच्या चाळीत गेली आणि दोन वर्षांनी दिवाळीला आली ती गोल साडी नेसून. गावात गहजब! नऊवारीचा काष्टा सोडून सहावारी नेसणं म्हणजे शिकलेल्यांचा, शहरातल्यांचा थाट. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "पाय झाकलं की लाज झाकती व्हय गं?" आक्का हसून म्हणाली, "मावशी, जिन्यात काष्टा अडकतुया, म्हणून." खरं कारण ते नव्हतं हे मला माहीत होतं. तिला त्या निऱ्यांचं पायांवर पडणं आवडायचं. तिनं ट्रंकेतून अफगाण स्नोची बाटली काढली. माझ्या गालाला लावायला मी पुढं झाले, तर तिनं माझ्या हाताच्या कोपरांना लावलं. "कोपरं काळी पडल्यात तुझी. लिवताना तीच दिसत्यात." मी तेव्हा सातवीत होते.

मुंबईत तिनं शिवणकाम शिकून घेतलं आणि एक जुनी हातमशीन घेतली. पहिला ब्लाऊज शिवला तो माझा, टू बाय टू रुबियाचा, कोपरापर्यंत बाह्यांचा. गावातला शिंपी बायकांच्या अंगाला हात न लावता अंदाजानं मापं घ्यायचा. त्यामुळं सगळ्यांचेच झंपर काखेत घोळदार आणि छातीवर तंग. आक्कानं माझ्या काखेत बोट घालून बघितलं, हात वर करायला लावला, पाठीमागं फळ्यावर लिहिल्यासारखं करायला लावलं. "मास्तरीण व्हायचंय न्हवं? हात वर केला की पोट दिसलं न्हाई पायजे आन् पदर ढळला न्हाई पायजे." मी मास्तरीण होणार हे घरात अजून कुणी बोललं नव्हतं. तिनं आधी त्याचा ब्लाऊज शिवला.

मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या सातारा जिल्ह्यातली किती घरं त्या पगारावर चालायची. वर्षभर वाट बघून दाजी आणि आक्का बिऱ्हाड गुंडाळून गावी आले. बरोबर एक पोरगी, दोन ट्रंका आणि ती मशीन. दाजी मजुरीला जाऊ लागले, पण त्यांच्या छातीत आधीपासूनच काहीतरी बसलं होतं. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात ते गेले.

त्या दिवसाचं मी फार लिहीत नाही. बायकांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, सगळ्यांच्या घरात झालेलं आहे. बांगड्या फोडल्या, डोरलं तोडलं, कुंकू पुसलं. ओल्या फडक्यानं घासून घासून पुसलं. पण गोंदण कसं पुसणार? पुसणाऱ्या बाईनं दोनदा तिथं अंगठा फिरवला, तिला वाटलं काही राहिलंय. आक्का तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

गावाला वाटलं आता ही सगळं सोडंल. आमच्या आईलाही वाटलं असावं. तेराव्यानंतरच्या सोमवारी आक्का उठली, न्हाली, केसाला तेल लावून चापून आंबाडा घातला, फिकी राखाडी साडी साबुदाण्याच्या खळीत घालून कडक केली होती ती नेसली, निऱ्या मोजून सात, आणि मशीनवर बसली. फूल नाही, काठ नाही, बांगडी नाही. आता एक सुद्धा बोलायचं नाही असं ठरलेलं, तर तिनं निऱ्यांनाच बोलायला लावलं. आणि बायका वळून बघत होत्याच. एकजण पुटपुटली, "रांडमुंड बाईला कशाला पायजे एवढी टापटीप?" आक्कानं मशीनचा दांडा फिरवत विचारलं, "काखंत ढिला ठिऊ का तंग?" तिचाच ब्लाऊज चालू होता.

पुढच्या दोन वर्षांत पंचक्रोशीतल्या नवऱ्यांचे ब्लाऊज आक्काकडं येऊ लागले. मात्र पूर्वी प्रत्येक लग्नात नवरीला नेसवायला तिला बोलवायचे, ते बंद झालं. शिवलेलं गठुळं दारातून घेऊन जायचे. ती एकदा मला म्हणाली, आणि त्यात रडगाणं नव्हतं, नुसता हिशेब होता: "माझ्या हातचं कापड अंगाला चालतंय. हात चालत न्हाई."

शहाऐंशीच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. मांडवाच्या आदल्या दिवशी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की थोरलीनं हळदीत आणि नेसवण्यात पुढं येऊ नये. आईनं मान हलवली. आक्कानं ऐकलं होतं. मी तणतणायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं आणि मागल्या खोलीत नेलं, कणगीच्या आड, आणि कडी लावली.

चिमणीच्या उजेडात तिनं आपली मुंबईची जांभळी साडी काढली. ती संपापासून ट्रंकेतच होती. वराकडचा शालू काही आदल्या रात्री उघडत नाहीत. "शालू जड असतुय, ह्याच्या दुप्पट. तवा नीरी घट धर," म्हणाली आणि साडी माझ्या हातात दिली. स्वतः हात मागं घेतले. मी नेसले. "सोड." परत नेसले. "सोड. डावीकडं ओढलंय." पहिली खोच कुठं घट्ट आणि कुठं सैल, निरी अंगठा आणि करंगळीच्या मापात कशी बसवायची, पदर खांद्यावर टाकण्याआधी मानेमागून हात फिरवून चोळीचा गळा कसा चाचपायचा, हे सगळं तिनं तोंडानं सांगितलं आणि मी हातानं केलं. पाच वेळा, का सहा. बाहेर बायका जात्यावर गात होत्या, वाजंत्री आलेली होती, कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. आक्का म्हणाली, "आता एकदा डोळं मिटून." डोळे मिटून नेसले. तिनं चिमणी वर धरून मला चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "हं."

दुसऱ्या दिवशी पाच सवाष्णी मला नेसवायला आल्या. मी म्हटलं, "माझं मी नेसते." त्या हसल्या. नवरी कुठं स्वतः नेसते का? मी शालूची घडी मोडली आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहून नेसले. खरंच जड होता. खोलीत कुणी बोललं नाही. परसदाराच्या चौकटीत आक्का डाळीचं घमेलं कमरेवर घेऊन उभी होती, आत यायचं नाही म्हणून उंबऱ्यापलीकडं. तिनं दोन बोटं वर उचलली. मी पदर दोन बोटं वर घेतला. ती वळून चुलीकडं गेली.

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मला बायका विचारायच्या, बाई, तुम्ही साडी कुणाकडून शिकलात? मी सांगायची, बहिणीकडून. पुढं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी ते आक्काला वाचून दाखवलं. चौसष्ट वर्षांची आक्का चष्मा लावून काजं करत होती. म्हणाली, "बरं केलं," आणि धागा दातानं तोडला. थोड्या वेळानं म्हणाली, "अडोतीस वरसं झाली." एवढंच.

तिच्या नातीनं मात्र हे मनावर घेतलं. टिकल्यांचं पाकीट आणलं आणि दुपारी आजीच्या कपाळावर एक मोठी लाल टिकली चिकटवली. आम्ही दोघी श्वास धरून बघत होतो, चिडते का रडते. आक्कानं हातआरसा मागवला. बराच वेळ बघितलं. मग नखानं टिकली काढली आणि पाकिटातली सगळ्यात बारीक शोधून नातीच्या बोटावर दिली.

"माझ्या कपाळाला एवढी थोर शोभत न्हाई," म्हणाली. "ही लाव. आन् नीट बघून, गोंदणावर."