घोड्याच्या पाठीवरून मोरनीचे डोंगर

चंदीगडला जाणारे पर्यटक रॉक गार्डन, सुखना तलाव नि पिंजोरची मोगल बाग पाहतात आणि सिमल्याची वाट धरतात. चंदीगडला खेटून वसलेल्या पंचकुलाच्या पाठीशी शिवालिकचे मोरनी डोंगर आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सपाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरियाणाचे सर्वांत उंच शिखर करोह, सुमारे दीड हजार मीटरचे, याच भागात आहे. मोटारीने मोरनी एका दिवसात उरकते. पण रानातली जनावरे पाहायची असतील, तर घोड्यासारखे वाहन नाही. फेब्रुवारीत आम्ही तिघांनी तीन दिवस काढले ते त्यासाठीच.

घोडे म्हणजे वरातीतली नटवी घोडी नव्हे. ओझी वाहणारी, बुटकी, पक्क्या पायांची डोंगरी तट्टे आणि सामानाला एक खेचर. चढणीला पुढे झुकायचे, उतारावर मागे रेलायचे आणि वाट जनावरावर सोपवायची, एवढे कळले की पुरे. पहिल्या रात्री मात्र जेवायला मांडी घालून बसवत नाही!

घग्गर ओलांडून थापलीच्या बाजूने वर निघालो. खाली खैर नि बांबू, वर चीड. पायी माणूस दिसला की सांबर पळते. घोड्यावरचा माणूस त्याला चार पायांचे दुसरे जनावरच वाटत असावे. एक मादी पिलासह चाळीस पावलांवर उभी राहून आमच्याकडे पाहत राहिली. भेकर भुंकण्याआधीच घोडीचे कान तिकडे वळत. ओल्या वाळूत बिबळ्याचे ठसे दिसले. बिबळ्या दिसला नाही, तेच बरे. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा असतो, इथे तांबडा. साऱ्या जगातल्या पाळीव कोंबड्यांचा हा मूळपुरुष.

गंमत म्हणजे घोडाही इथला जुना रहिवासी आहे. शिवालिकच्या एका थराला भूशास्त्रात पिंजोरचेच नाव आहे. त्या थरात सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीपासूनचे, एका खुराच्या घोड्याचे अवशेष सापडतात. मोरनीला लागून असलेल्या सिरमौर जिल्ह्यात, सुकेतीला, १९७४ पासून या प्राचीन जनावरांचे उद्यानही आहे.

दुसऱ्या दुपारी डोक्यावरून एक भलेमोठे हिमालयी गिधाड तरंगत गेले. थंडीत ती खाली उतरतात. मैदानातल्या गिधाडांची कथा वेगळी. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली हे कारण उघड झाले, २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पिंजोरजवळ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा वनखात्यासह २००१ साली गिधाड केंद्र सुरू केले. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्यांचे प्रजनन तिथे होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांतली वीस गिधाडे आपल्या ताडोबा नि पेंचला आली.

हे सारे बोलत मोरनीला पोहोचलो, तर एक घोडी लंगडू लागली. पुढचा पाय सुजला होता. घोडेवाल्याने खिशातून चार-पाच कुप्या काढल्या. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक! जनावरांसाठी वापर होऊ नये म्हणून २०१५ पासून हे औषध तीन मिलीलिटरच्या कुपीतच मिळते. पण चार कुप्या फोडल्या की झाले.

"सबेरे तक चल पड़ेगी, जी," तो म्हणाला.

"आणि मेली तर?" आमच्या मित्राने विचारले.

"तो खड्ड में।"

खड्ड म्हणजे ओढ्याची घळ. जिथे गिधाडे उतरतात तीच जागा.

त्याला गिधाडांचे वैर नव्हते. त्याच्या लहानपणी तिथे गिधाडांचे थवे बसत, हे त्यानेच सांगितले. पण घोडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडणार होती. शेवटी तिसऱ्या दिवसाचे पूर्ण भाडे द्यायचे ठरले, तेव्हा कुप्या परत खिशात गेल्या. सकाळी पशुवैद्याने मेलोक्सिकॅम दिले. ते गिधाडांना बाधत नाही. प्रत्येक लंगड्या जनावरामागे भाडे भरायला पर्यटक थोडेच उभे असतात, हा विचार मात्र पाठ सोडीना.

करोह राहिले. टिक्करतालला आम्ही पायीच उतरलो. मध्ये टेकडी असलेले दोन तलाव, काठाला मोहरीची पिवळी शेते. घोडी दोन दिवस मोरनीतच विश्रांती घेणार होती.

जायचे असल्यास ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. रेल्वेने चंदीगड, तिथून पंचकुला. टिक्करतालला हरियाणा पर्यटन विभागाचे निवास आहे. घोड्यांची तयार सोय नाही, गावात चौकशी करून ठरवावे लागते. अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी. भाडे ठरवतानाच घोडेवाल्याच्या पिशवीत कोणते औषध आहे तेही पाहून घ्यावे आणि एखादा जास्तीचा दिवस हिशेबात धरावा.